रूळ संपतात तिथली वाट

स्टेशन आता फार छान झालंय, असं भेटेल तो मला सांगतो. जुनी दगडी इमारत घासूनपुसून लख्ख केलीय, आत काचेची दारं बसवलीत, गुबगुबीत खुर्च्या आहेत, कोपऱ्यात कॉफी मिळते. मी हो हो म्हणते आणि विषय बदलते. आमचं घर शाहूपुरीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. गाडीची शिट्टी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. तरी हे गेल्यापासून मी त्या आवारात पाऊल टाकलेलं नाही. लोकांना वाटतं, बाई दुःखात आहे. दुःख तर आहेच, पण त्याहून जास्त राग आहे, आणि तो कुणावर काढावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे म्हणजे माझे यजमान. हयातीत मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आता घेऊन काय करू? हे जयसिंगपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. उभी नोकरी कोल्हापूरहून पॅसेंजरनं जाऊन-येऊन केली. मूळचे गारगोटीकडचे. त्या बाजूला रेल्वे नाही, म्हणूनही असेल, पण गाडीचं यांना लहान पोरासारखं वेड. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे प्रवासी मंडळाला लागले. मंडळ म्हणजे काय, चार-सहा म्हातारे. स्टेशनबाहेरच्या बाकावर जमायचे, चहा प्यायचे आणि रेल्वेला निवेदनं लिहायचे. स्टेशन वाढवा, गाड्या वाढवा, छप्पर वाढवा. मागण्यांना अंत नव्हता. तुमचं लग्न माझ्याशी लागलंय की स्टेशनमास्तरशी, असं मी विचारायची. हे म्हणायचे, त्यांनी अजून होकार दिला न्हाय.

एका बाबतीत मात्र यांचं मंडळाशीही भांडण व्हायचं. स्टेशन वाढवायचं तर ती काळ्या दगडाची, संस्थानाच्या काळातली इमारत पाडून टाका, तिथं चकाचक काचेचं काहीतरी उभं करा, असं म्हणणारे मंडळातच होते. यांचं डोकं तापायचं. घरातलं म्हातारं माणूस अडचण करतंय म्हणून त्याला कुणी बाहेर काढतं का, त्याला एक खोली द्यायची, मान द्यायचा आणि शेजारी नवं बांधायचं, असं ते हात नाचवत सांगायचे. त्या कमानींखाली प्रवाशांना बसू द्या, शाळेतल्या पोरांची चित्रं लावा, अंबाबाईला आलेल्या पाहुण्यांचं सामान ठेवा, पण इमारतीला धक्का लावू नका. मग त्याचे नकाशे काढायचे. एवढाले ड्रॉइंगचे कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरलेले असायचे, कारण घरात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती, आणि मी विळी घेऊन कोपऱ्यात अंग चोरून भाजी चिरत बसायची.

या नकाशांतली एक वाट मला सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. रूळ येतात आणि थांबतात. शेवटाला एक जाड आडवा ओंडका, त्यामागे मातीचा उंचवटा, संपलं. दुसऱ्या गावी मागच्या फलाटावर जायचं तर जिना चढून पूल ओलांडावा लागतो. पूल आमच्याकडेही होता, पण तो पाहुण्यांसाठी. खरा कोल्हापूरकर दगडी इमारतीच्या कमानीतून आत शिरायचा आणि रूळ संपतात तिथे ओंडक्याच्या मागून वळसा घालून पलीकडे जायचा. रूळच संपल्यावर पूल कशाला चढायचा, हा आमचा सरळ हिशोब. त्या वाटेनं नवऱ्या मुली सासरी गेल्या, गुळाच्या ढेपा गेल्या, बाळंतिणी माहेरी आल्या, आणि मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले आजारी तर सगळेच्या सगळे त्याच वाटेनं गेले. सकाळच्या मिरज पॅसेंजरमध्ये निम्मा डबा आजाऱ्यांचा असतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यांनी नकाशात ती वाट लाल पेन्सिलीनं काढली. तिला उतार दिला, धरायला कठडा दिला, आणि वर आपल्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं, आजाऱ्यांची वाट. मंडळानं तो नकाशा रेल्वेच्या साहेबांच्या हातात दिला. साहेब बघतो म्हणाले.

पुढे काम मंजूर झालं. आमच्या नकाशामुळे झालं असं मी म्हणणार नाही, तेव्हा गावोगावची स्टेशनं वाढवायची टूमच निघाली होती. पण यांनी गल्लीत पेढे वाटले. दगडी इमारत राहणार, हे कळल्यावर तर दिवसभर शीळ घालत होते. पत्रे ठोकले गेले, खणती सुरू झाली, आणि हे रोज सकाळी तिकडे फेरी मारून यायचे, लग्नघरातला कर्ता मांडवाकडे बघून येतो तसे. त्याच दिवसांत यांची कंबर दुखायला लागली. आधी तेल चोळलं, मग हाडवैद्य झाला, मग फोटो काढला. कमरेच्या हाडाशी गाठ होती आणि ती साधी नव्हती.

डॉक्टरांनी मिरजेला शेक घ्यायला सांगितलं. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात, जणू कुणी विटेचा तुकडा तापवून देणार आहे. रविवार सोडून रोज जायचं आणि मध्ये खंड पडू द्यायचा नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, अर्धवट सोडलात तर सगळं पाण्यात जाईल, नेटानं पूर्ण केलात तर गाठ आवरेल, माणूस हाताशी राहील. मी बाकीचं सगळं विसरले आणि माणूस हाताशी राहील एवढंच पदरात बांधून घरी आले.

पहिल्या दिवशी भाड्याची गाडी करून रस्त्यानं नेलं. प्रत्येक गतिरोधकाला हे असे ओरडायचे की तो गाडीवाला रडकुंडीला आला. मग मिरजेत खोली घेऊन राहून बघितलं, तर यांना परक्या अंथरुणात झोप लागेना, घास उतरेना. मुलगी पुण्यात असते, ती तिकडे या म्हणत होती, पण सुरू झालेला शेक मध्येच सोडून नवा दवाखाना शोधायची माझी छाती झाली नाही. शेवटी पॅसेंजरच बरी पडली. बाकड्यावर आडवं होता यायचं, धक्के कमी बसायचे. आणि खिडकीतून रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी ओळखीची स्टेशनं गेली की यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. चाकाच्या खुर्चीतून कमानीखालून न्यायचं, ओंडक्यामागून वळसा घालायचा, डब्यात चढवायचं. आमचा जम बसला होता.

एका सकाळी रिक्षातून उतरून सवयीनं कमानीकडे वळलो, तर कमान पत्र्यानं बंद. पुढचा फलाट खणायला घेतला होता. सगळ्या गाड्या मागच्या फलाटावरून, आणि तिकडे जायला एकच रस्ता, नवा पूल. पूल मोठा झोकदार बांधला होता. लिफ्टची जागाही बांधली होती, फक्त लिफ्ट नव्हती. तिच्या तोंडावर प्लायवूड मारून ठेवलं होतं. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर, येणार आहे. मला सांगा, येणाऱ्या लिफ्टमधून आज खुर्चीत बसलेल्या माणसाला कसं न्यायचं?

मी यांना त्या पायऱ्या चढवल्या. एका हातात खुर्चीची घडी, दुसरा हात यांच्या कमरेला. हे तोंडात टॉवेल धरून चढत होते, कारण ओरडलेलं लोकांना ऐकू जाऊ नये. माणसं बाजूनं भराभर जात होती, कुणी सरका म्हणत होतं, कुणी बिचारं खुर्ची धरायचं. गाडी कशीबशी मिळाली. घरी आल्यावर यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरच्या दिवशी आम्ही पुलाच्या मध्यावर असतानाच गाडी सुटली. मी वरून हात हलवून ओरडत राहिले, जशी काही ती गाडी माझ्या माहेरची होती आणि माझ्यासाठी थांबणार होती. मिरजेहून डॉक्टरांचा फोन आला. असं करू नका, म्हणाले. मी काय करत होते? मी काहीच करत नव्हते, माझ्या हातात करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

मंडळातले मित्र घरी आले. तुमच्या नावानं निवेदन देऊ, साहेबांना भेटू, आजाऱ्यांसाठी आत्ताच्या आत्ता वाट काढून मागू, असं त्यांचं म्हणणं. हे पडल्या पडल्या हातानंच नको म्हणाले. यांचं तत्त्व आडवं आलं. जन्मभर सगळ्यांसाठी मागितलं, आता स्वतःसाठी मागायचं नाही. काम अडेल असं काही करायचं नाही. मला वाटलं, उठून सगळे नकाशे चुलीत घालावेत. तत्त्वं निरोग्या माणसांनी पाळावीत. ज्याला पायरी चढवत नाही त्यानं मिळेल त्या दारातून जावं.

त्या दुपारी हे झोपल्यावर मी एकटी स्टेशनवर गेले. रूळ संपतात त्या बाजूला पत्र्याच्या भिंतीत मजुरांसाठी एक छोटं दार होतं. त्यावर एक राखणदार बसलेला असायचा, पन्हाळ्याच्या पायथ्याकडचा, चाळिशीचा माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता आणि साहेबांची परवानगी नाही म्हणत होता. मग मी वाकून त्याचे पाय धरले. बोलायची रीत म्हणून सांगत नाही, खरोखर धरले. तो खुर्चीवरून उठून मागे सरकला. अक्का, असं करू नका, मला पाप लागंल, म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला की त्याच्या आईलाही तो याच पॅसेंजरनं मिरजेला न्यायचा, याच वाटेनं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, आणि परतीला संध्याकाळी काम सुटल्यावर, तो दार उघडून देणार होता. फक्त आम्हा दोघांना, आणि गुपचूप.

यांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. कुणाचे पाय धरून मिळवलेल्या दारातून हे कधी गेले नसते. मी भाजी फोडणीला टाकता टाकता, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "अहो, आजाऱ्यांसाठी वाट ठेवलीया म्हणं. ओंडक्यामागनं. तुमी काढली हुती तशीच."

मग मी वळून बघितलं. हे कोपरावर उठून बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "ठेवली व्हय?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा पडले, पण झोपले नाहीत, आढ्याकडे बघून हसत राहिले. आता कुणी म्हणेल, बाई, तू खोटं बोललीस. बोलले. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा वेळा बोलले असते.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. सकाळी तो राखणदार दार किलकिलं करायचा, मी खुर्ची ढकलत आत शिरायची, खडी-मातीतून ओंडक्याला वळसा घालायची आणि मागच्या फलाटावर निघायची. हे खुर्चीत ताठ बसून दोन्हीकडे बघत जायचे. उतार थोडा कमी पाहिजे, म्हणायचे. कठडा अजून लावला न्हाय, शेवटी लावतील. डब्यात बसलं की ओळखी-अनोळखी कुणालाही सांगायचे, आमच्या मंडळानं आजाऱ्यांची वाट मागितली होती, रेल्वेनं ठेवली बघा, काम चालू असतानासुद्धा ठेवली. मी खिडकीबाहेर बघायची. मित्र भेटायला आले तेव्हा त्यांनाही तेच. मित्रांनी माझ्याकडे बघितलं, मी डोळे मोठे केले, ते गप्प बसले. चांगली माणसं होती.

आणि शेक लागू पडत होता. एका दिवशी डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, मला आत बोलावलं आणि सांगितलं, गाठ बारीक होतेय. आम्हाला वाटलं त्यापेक्षा लवकर बारीक होतेय, आता फक्त सोडू नका. मी बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. परतीच्या गाडीत यांना सांगितलं. यांनी माझा हात धरला, सगळ्या डब्यादेखत, जे त्यांनी लग्नातसुद्धा गुरुजींनी सांगितल्याशिवाय केलं नव्हतं.

आम्ही कोल्हापूरकर एक तर गुपचूप काही करू शकत नाही, दुसरं म्हणजे रूळ संपतात तिथून वळसा घालायचा, ही आमच्या पायांची सवय आहे. एका सकाळी आमच्या मागून एक म्हातारा आला, आजारीच होता, त्याला कोण नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून त्याचे शेजारी आले. मग कामावर निघालेली माणसं. राखणदार हात आडवे करून अडवायला लागला, ही पेशंटची वाट हाय म्हणायला लागला, तर एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग आमी काय इमानात बसून जावं व्हय, पावणं?" सगळे हसले आणि आत शिरले. एक मेंढरू गेलं की कळप जातो. त्या राखणदारानं माझ्याकडे असं बघितलं की मला त्याच्याकडे बघवेना. मी काय करणार होते? लोकांना म्हणणार होते, की ही वाट नाहीच, ही एका माणसानं मला दिलेली भीक आहे? तेही यांच्या खुर्चीमागे उभं राहून?

व्हायचं तेच झालं. त्या गर्दीत एक बाई, हातकणंगल्याकडे सूतगिरणीत कामाला जाणारी, मोकळ्या मातीवरून घसरली आणि भिंतीसाठी खणलेल्या चरात पडली. कोपराचं हाड मोडलं. आम्ही तेव्हा पुढे निघून गेलो होतो, गाडीत बसलो होतो, आम्हाला काही कळलं नाही. संध्याकाळी परतलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, राखणदार दिसला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन गेलो तर दार नव्हतं. तिथं आडवा पत्रा टाकून वेल्डिंग केलं होतं, अजून जळकट वास येत होता. राखणदाराच्या जागी दुसराच माणूस होता. आधीच्याला काढून टाकलं, असं त्यानं सांगितलं. शेजारी कामावरचा तरुण इंजिनिअर उभा होता. हे मला काही कळायच्या आत त्याच्याशी बोलायला लागले. शांतपणे, शाळेत पोरांना समजावतात तसे. ही आजाऱ्यांसाठीची मंजूर वाट आहे, ती अशी बंद करता येणार नाही, अपघात झाला असेल तर कठडा लावा, माणूस ठेवा. इंजिनिअरनं ऐकून घेतलं. तोही वाईट माणूस नव्हता, त्याचंही रात्रभर डोकं उठलेलं दिसत होतं.

"काका, इथं अशी कुठलीच वाट नव्हती," तो म्हणाला. "प्लॅनमध्ये इथं पार्सल ऑफिसची भिंत आहे. कुणीतरी वॉचमनला सांगून दार उघडायला लावत होतं."

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली, आणि तेवढ्यात सगळं बोलून झालं. लाल पेन्सिल, वाट, मंडळ, पेढे, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं. ती बाई माझ्यामुळे पडली, तो माणूस माझ्यामुळे घरी बसला, असं ते घरी येईपर्यंत दोनदा म्हणाले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या राखणदाराचं मला आजही वाईट वाटतं, त्या बाईच्या घरी जाऊन मी तिला भेटूनही आले. पण दारातून गेल्याचं मला वाईट वाटत नाही. उद्या तशीच वेळ आली तर मी पुन्हा कुणाचे तरी पाय धरीन.

त्या दिवसाचा शेक चुकला. मग मित्र मदतीला आले. रोज सकाळी दोघं-तिघं यायचे, यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे आणि खुर्ची उचलून पूल ओलांडायचे. ती माणसंही काही तरणीताठी नव्हती, मध्ये मध्ये खुर्ची टेकवून धापा टाकायची. हे डोळे मिटून बसायचे. कुणी ओळखीचं भेटलं, काय मास्तर, असं म्हणालं, तरी डोळे उघडायचे नाहीत. घरातही बोलणं आटलं. विचारलं तेवढ्याला व्हय, न्हाय. मी रोज सांगायची, गाठ बारीक होतेय, आता थोडेच दिवस राहिले, एवढं उरकलं की सुटलो. हे भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, रुसलेत, रुसवा जाईल. रुसायला सवड असते ती जगायचं असलेल्याला, हे मला कुठे माहीत होतं?

त्या शेवटच्या सकाळी हे म्हणाले, खुर्ची नको, मी चढतो. मित्र मागून सामान घेऊन येत होते. मला आशा वाटली, खोटं कशाला सांगू. अंगात बळ आलं म्हणून चढतायत असं वाटलं. कठडा धरून, एकेक पायरी थांबत, घामानं डबडबून ते जिन्याच्या मध्यावरच्या मोकळ्या जागेपर्यंत आले आणि खाली बसले. खाली पॅसेंजर लागलेली होती. मी म्हटलं, जरा दम खावा, मग जाऊ. बसले. मी म्हटलं, चला आता. उठले नाहीत. खाली लोकांची पळापळ सुरू झाली, सिग्नल मिळाला असावा.

"अहो, उठा की. गाडी सुटंल."

"डॉक्टर खरं काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळेचना हे काय विचारतायत. "गाठ बारीक झालीया म्हणाले. तुमास्नी त्याच दिवशी सांगितलं की."

"वाटंचंबी सांगितलं हुतंस."

ते रागानं बोलले असते तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण ते अगदी मायेनं बोलले. पोरगं ताप लपवतंय हे ओळखून आई बोलते, तसे. मी तिथेच पायरीवर त्यांच्यासमोर बसले, त्यांचे गुडघे धरले. देवीची शपथ घेतली, लेकीची शपथ घेतली. वाट खोटी होती, पण गाठीचं खरं आहे, गाठीचं खरं आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता मलाच ऐकू येत होतं की खोटं बोलणारी बाई असंच बोलते. पिशवीतून फोन काढला, आत्ता डॉक्टरांना लावते, तुम्हीच बोला म्हटलं.

"त्यास्नीबी पढवून ठेवलं असशील," हे म्हणाले. "मला कळतंय. माझ्या जिवासाठीच करतीयास सगळं. पण आता बास."

गाडीची शिट्टी झाली. मित्रांपैकी एक जण पूल ओलांडून पलीकडे खाली धावला, गार्डला हात केला, डब्याच्या दाराशी उभा राहून वर बघत राहिला. मी यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले. ओढता ओढता रडत होते आणि शिव्या देत होते, यांना, स्टेशनला, त्या नकाशाला, नशिबाला. लोक थांबून बघायला लागले. यांनी माझे हात आपल्या अंगावरून हळूच सोडवले, दोन्ही हातांत धरून ठेवले, आणि गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत. मग म्हणाले, "चल. घरला जाऊ."

डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते. मी ते त्यांना नंतरच्या दिवसांत किती तऱ्हांनी सांगितलं, मुलीला बोलावून तिच्या तोंडून सांगवलं, डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं. हे सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे, जणू किती छान बसवलंय हिनं सगळं. गाठीनं मग तिला हवा तेवढा वेळ घेतला. त्या सकाळी मात्र हे कठडा धरून आल्या पायऱ्या उतरायला लागले, आणि मी त्यांच्या मागून, पिशवी सावरत, ते खरं होतं हो, ते खरं होतं, असं म्हणत खाली आले.